तोरणाखाली थांबणारा बैल

आर्णी,
जुलैचा दुसरा आठवडा

प्रिय अपेक्षा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही? शाळेत तुझ्या निम्म्या वह्या मीच पूर्ण करून दिल्यात, तेव्हा ओळखायलाच हवं. हल्ली आपण दोघी एकमेकींना वाढदिवसाला केकचं चित्र पाठवतो आणि दिवाळीला पणतीचं. त्यापलीकडे आपलं बोलणं उरलेलं नाही. ते का उरलं नाही हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. हे सगळं फोनवरच लिहायला घेतलं होतं, पण लिहायचं आणि पुसायचं असंच चाललं. शेवटी कपिल म्हणाला, कागदावर लिही, तिथं पुसता येत नाही. गॅरेजात दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करणारा माझा नवरा कधी कधी घरातही कामाचं बोलतो. एकच विनंती आहे. हे पत्र आधी तू एकटी वाच. तुझ्या बाबांना, सदाशिवकाकांना, दाखवायचं की नाही ते शेवटी ठरव.

बाबांचं तुझ्या कानावर आलं असेलच. मागच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, ते शेतातून घरी आले, बाजेवर बसले आणि आईला काही सांगायला गेले तर तोंडातून नुसता घोगरा आवाज. लकवा. यवतमाळला नेलं, जीव वाचला, उजवा हातही आता थोडाथोडा उचलतात. वाचा मात्र गेली. समजतं सगळं. मी वरणात मीठ विसरले तर माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की बोललेलं परवडलं. पण शब्द ओठाशी येतो आणि तिथंच मरतो. यवतमाळच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की जे काही परत येईल ते बहुतेक पहिल्या वर्षात येईल, त्यांना बोलतं ठेवा. अगं, कोणाची वाचा गेली बघ. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की ज्यांची झडती ऐकायला शेजारच्या गावची माणसं यायची, त्या माणसाची. नागपूरला तुला शेजारणींना झडती म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत असेल. दोन बाजूंच्या माणसांनी एकमेकांची टिंगल करणारी चार ओळींची गाणी हाणायची, शेवटी सगळ्या गावानं हर बोला हर हर महादेव म्हणायचं, आणि नियम एकच, झडती आली की तिचं उत्तर द्यायचं. त्या माणसाला आता पाणी मागता येत नव्हतं. मला बाबांचा आवाज परत हवा होता, आणि तोही वर्ष सरायच्या आत. या पत्रात जे काही आहे ते सगळं त्याच्यासाठीच केलेलं आहे.

शेत मक्त्यानं दिलं आणि दोघांना इथं आर्णीला आणलं. आईला लेकीच्या घरी राहायचं म्हणजे अवघड वाटतं, अजून चहात साखर घालताना मला विचारून घालते. मी तेव्हा एका सेंटरवर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचं काम करत होते. त्याच्या वरच्या मजल्यावर भारत राठोड सरांचा क्लास आहे. सर घाटंजीकडच्या तांड्यावरचे, पुण्यात कंपनीत होते, आता परत येऊन इथल्या पोरांना वेबसाइट बनवायला शिकवतात. साधी वेबसाइट नव्हे, जिच्यात चित्रं हलतात, आवाज येतो, बोट लावलं की काहीतरी घडतं, तशी. वर्गात बहुतेक पोरं लग्नपत्रिका बनवतात. उघडली की सनई वाजते, गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि नवरा-नवरी दोन बाजूंनी सरकत येऊन मधोमध थांबतात. हसू नकोस, लग्नसराईत त्याला चांगली मागणी असते. मी सरांना म्हटलं, मला पाकळ्या नको, मला माझ्या बाबांना बोलतं करणारं पान बनवायचं आहे. सर म्हणाले, 'ताई, येत नाही मले बी तसलं. पन चाला, दोघं मिळून शिकू.' मला तो माणूस त्याच दिवशी आवडला.

पहिलं पान बनवलं ते सोपं होतं. पाण्याच्या पेल्याचं चित्र, भाकरीचं चित्र, दुखतं म्हणून कपाळाला हात लावलेला माणूस. चित्राला बोट लावलं की ते थोडं मोठं होतं आणि त्यातून आवाज येतो. आवाज मी सरांचा भरला होता, ते अगदी बातम्या देणाऱ्यासारखं म्हणाले, 'मला पाणी हवे आहे.' बाबांनी ऐकलं आणि फोन बाजूला सारला. बरोबरच आहे, आमच्या घरात असं पाणी कोणी कधी मागितलं आहे? मग मी मोठी शहाणी, आईचा आवाज भरला. 'मले पानी दे वो.' बाबांनी पेल्याला बोट लावलं, आईचा आवाज आला, बाबांनी आईकडं पाहिलं, आणि स्वतःच्या समोरचा भरलेला पेला डाव्या हातानं हळूहळू आईकडं सरकवला. तिला तहान लागली आहे असं वाटलं त्यांना. आई हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि शेवटी तो पेला तिनं खरंच पिऊन टाकला, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. तहानलेले बाबा तसेच. त्या दिवशी मला कळलं की कोड बरोबर असूनही पान चुकू शकतं.

असे दोन महिने निघून गेले. मग एका संध्याकाळी आई देवापाशी आरती म्हणत होती आणि मी कणीक मळत होते. मला वाटलं आईचा आवाज असा जाड का येतोय. बाहेर येऊन बघते तर बाबा म्हणत होते. शब्दासकट, चालीसकट, पुढची ओळ आईच्या आधी. आरती संपली आणि मी विचारलं, बाबा, काय म्हणालात, तर पुन्हा तोच घोगरा आवाज. डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं, पाठ असलेलं गाणं पुष्कळदा वाचलेलं असतं, तेच धरून शब्दांकडं यायचा प्रयत्न करा. मी फोन ठेवला आणि मला एकदम दिसलं की माझ्या पानात काय पाहिजे. पेला नाही, भाकरी नाही. पोळा पाहिजे.

आणि मी, जिनं आयुष्यात कधी बैलाचं चित्र काढलं नाही, ती बैल चालवायला निघाले. माझा पहिला बैल पाय न हलवता जमिनीवरून घसरत गेला. आईनं पाहिलं आणि म्हणाली, 'हा तान्ह्या पोळ्याचा हाय काय वो?' म्हणजे लहान पोरं दोरीनं ओढत नेतात तो चाकांचा लाकडी बैल. मग मक्तेदार बैलांनी शेतात वखर मारत होता, तिथं जाऊन मी बांधावर बसले आणि बैल कसा चालतो ते बघत राहिले. कोणता पाय आधी, मान केव्हा खाली, थांबताना आधी काय थांबतं. शेजारच्या बायका म्हणायच्या, 'दिपाली, बैलाकडं काय पाहून राह्यली, कधी पाह्यला नाही काय?' खरं सांगू, नव्हता पाहिला. जन्मभर आजूबाजूला होता म्हणून पाहिला नव्हता. घरी येऊन पायांची चित्रं वेगवेगळी काढली, एकामागून एक दाखवायला लावली, मान डुलवली, घंटेचा आवाज पावलाशी जुळवला. वर तोरण बांधलं, आंब्याची पानं वाऱ्यावर हलती ठेवली. ब्राउझरला एक खोड असते, कोणी पानाला बोट लावल्याशिवाय तो आवाज करत नाही. सरांच्या पोरांना ती अडचण वाटते. मी म्हटलं बरंच झालं, बाबा आधी बैलाच्या कपाळाला हात लावतील, मगच पोळा सुरू होईल. तसंच तर असतं.

आता झडती कोणाच्या आवाजात? माझ्या आवाजात भरली, तर बाबांनी अशा चेहऱ्यानं पाहिलं की पोरीबाळी कधीपासून झडत्या म्हणायला लागल्या. कपिलनं म्हटली, तर तो वर्ध्याकडचा, आणि वर लाजत लाजत म्हटली, बाबांनी सरळ कूस बदलली. तेव्हा मला तुझे व्हिडिओ आठवले. तू दरवर्षी पोळ्याला पारावर चढून काढायचीस आणि मला पाठवायचीस, तुझ्या हसण्यानं निम्मे शब्द बुडालेले असायचे. जुना फोन शोधला, त्यात ते होते. आणि त्यात सदाशिवकाका होते, छाती काढून, एक हात बैलाच्या वशिंडावर, आपल्या बापूजीला म्हणजे बाबांना डिवचत:

बैलाच्या शिंगाले बेगड लावली, चमचम करते भारी,
बापूजीच्या सदऱ्याले बटन नाही, पिना लावल्या चारी.

आणि समोरून बाबा, एक क्षण न घालवता:

सदाशिवाच्या बैलावर झूल मखमली लाल,
मालकाचं पोट सुटलं, बैलाचे बसले गाल.

मी ते बघत कितीतरी वेळ हसत बसले. मग त्याच फोनमध्ये शेवटच्या वर्षाचाही पोळा निघाला. तो तू पाठवलास तेव्हा काही लिहिलं नव्हतंस. त्या उन्हाळ्यात काकांनी जोडी विकून ट्रॅक्टर घेतला होता. का विकली ते साऱ्या गावाला माहीत होतं, गुडघे गेले होते, चारापाणी होत नव्हतं. व्यापारी जोडी न्यायला आला तेव्हा काका घराबाहेर आले नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस. तरी पोळ्याला ते चुलतभावाची जोडी धरून तोरणाखाली आले, आणि बाबांनी म्हटलं:

आंब्याच्या पानाचं तोरन बांधलं, गाव झालं गोळा,
बैल इकून ट्रॅक्टरवाला कायचा करते पोळा.

गाव हसलं. काकांनी उत्तर दिलं नाही. कासरा चुलतभावाच्या हातात दिला आणि ते गर्दीतून निघून गेले. आपल्या गावात झडतीचं उत्तर न देता कोणी गेलेलं मी तेव्हाच पाहिलं. त्या हिवाळ्यात तू त्यांना नागपूरला घेऊन गेलीस. अपेक्षा, मी बाबांची लेक आहे, पण जे चुकलं ते चुकलं. टिंगल कशाची करावी याला धरबंद असतो. तुला हे कोणी सांगितलं नसेल, त्या वर्षानंतर बाबा पोळ्याला बैल नेत होते, पण तोरणाखाली तोंड उघडत नव्हते. आईनं एकदा विचारलं, 'काहून नाही म्हनत आता?' तर म्हणाले, 'कोनासंग म्हनू?' तो शेवटचा तुकडा मी पानात घेतला नाही. कापून टाकला.

काकांचा आवाज घातला आणि बाबांपुढं फोन धरला. बाबांनी बैलाला बोट लावलं. बैल डुलत तोरणाखाली आला. काकांची झडती वाजली. बाबा ताठ झाले, ओठ हलले, आणि तेवढ्यात बैल पुढं निघून गेला. मीच तसं ठेवलं होतं, थोडा वेळ थांबून पुढचं सुरू. बाबांनी पुन्हा बोट लावलं, पुन्हा बैल निघून गेला. काही वेळानं त्यांनी फोन भिंतीवर मारायला हात उचलला, मी कसाबसा धरला. मला इतका राग आला होता, स्वतःचाच. रात्रभर तळमळून सकाळी सरांकडं गेले आणि म्हटलं, बैल निघता कामा नये. बाबांचा आवाज आल्याशिवाय त्यानं पाऊल उचलायचं नाही. सरांनी फोनच्या माइकचं सगळं शिकवलं, आवाज किती मोठा आला की तो माणसाचा धरायचा, वगैरे. घरी आणून लावलं तर बैल आला आणि लगेच निघाला, कारण आमच्या कूलरची घरघर त्याला बाबांचा आवाज वाटली. मे महिना, आर्णीचं ऊन, आणि आम्ही चौघं कूलर बंद करून घामाघूम होऊन एका बैलाभोवती बसलेलो. आई पदरानं बाबांना वारा घालत म्हणाली, 'खरा बैल बी इतका तरास नाही देत बाप्पा.'

पण या वेळी बैल थांबला. शेपटी हलवत, कान झटकत, मधूनच मान वळवून बाबांकडं बघत. थांबलेला बैल बंद पडल्यासारखा दिसू नये म्हणून तेवढं हलतं ठेवलं होतं. बाबांनी घाई केली नाही. त्यांना घाई करायची गरजच नव्हती. पहिल्यांदा नुसतं 'हर' आलं. दुसऱ्या दिवशी 'हर बोला'. आठवडाभरानं एका दुपारी 'सदाशिवाच्या बैलावर' आलं आणि मागोमाग अख्खं उत्तर, बसलेल्या गालांसकट. बैल पुढं निघाला आणि मी भरून ठेवलेला सगळा गाव हर हर महादेव म्हणाला. बाबांनी मिशीवरून डावा हात फिरवला. तो हात फिरवायची ती जुनी ऐट तुला आठवते का? मला तिथंच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सरांनी ते पान क्लासच्या मोठ्या पडद्यावर लावलं, तर लग्नपत्रिकावाली पोरं बैलाला शिट्ट्या मारत होती. डॉक्टर मॅडमनी बोरी अरबच्या एका भजनी बुवांसाठी असंच पान करून मागितलंय, तिथं बैलाऐवजी टाळ आणि पखवाज हलवायचे आहेत. मी अर्ज भरायचं काम सोडलं. आता हेच करणार.

तरी ते गाणंच होतं. रोज बाबा काकांशी भांडत होते आणि रोज जिंकत होते, पण गाण्याबाहेर एक शब्द येत नव्हता, आणि डॉक्टर मॅडमच्या त्या वर्षातले निम्म्याहून जास्त महिने सरले होते. आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गेल्या रविवारी दुपारी बाबा नेहमीसारखे फोन घेऊन बसले होते, मी जवळच मेथी निवडत होते. काकांची झडती झाली, बाबांचं उत्तर झालं, बैल गेला. बाबांनी पुन्हा बैलाला बोट लावलं नाही. फोन मांडीवर पालथा ठेवला आणि भिंतीकडं बघत, कोणी सुरुवात करून न देता, स्वतःच म्हणाले, 'आंब्याच्या पानाचं तोरन बांधलं'. मी कापून टाकलेली ती झडती त्यांनी शेवटपर्यंत म्हटली. पण हर बोला म्हणाले नाहीत. थांबले. डोळे भरून आले होते. मग ओठ जुळवत, पुन्हा सोडत, पुन्हा जुळवत म्हणाले, 'सदाशिव'. लकव्यानंतर गाण्याबाहेरचा त्यांचा हा पहिला शब्द. आईचं नाव नाही, माझं नाही. आणि बऱ्याच झटापटीनंतर दुसरा, 'सांग'. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, 'उत्तर मांगून राह्यले वो ते.' ते उत्तर माझ्याजवळ नाही आणि कोणत्याही कोडमध्ये लिहिता येत नाही, ते फक्त काकांचं आहे. म्हणून, तुला पटत असेल तर, हे पत्र त्यांना वाचून दाखव. पोळ्याला महिना-दीड महिना आहे, येता आलं तर या. यायची इच्छा नसेल तर मी आग्रह करणार नाही, मग फोनमध्ये म्हणून पाठवू देत, मी लावून घेईन. पण त्यांना एवढं सांग की बापूजी आजारी आहे म्हणून हात राखू नका. वाकड्या तोंडावर म्हणा, लुळ्या हातावर म्हणा, त्या दिवशी जी गिळलीत ती म्हणा, जेवढी बोचरी असेल तेवढी चालेल. बाबा ऐकायला बसले आहेत.

तुमच्या दोघांच्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
दिपाली